परसातली वाली : लागवड, तोडणी आणि भाज्या (सगळं इथेच लिहा)

परसबाग_कुडाळ | १४ जून, सकाळी ८:१०

परसात एकाच वेलाला जागा असेल तर कुठला लावू, असं कुणी विचारलं की मी वालीचं नाव घेते. दोडका, पडवळ, कारली मीही लावते, पण पावसाळ्यात रोज मूठभर का होईना भाजी हातात देणारा वेल हाच. काकडीच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी वालीबद्दल विचारलं होतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : ही चवळीच, पण वेलावर चढणारी. देशावर चवळीच्या शेंगा म्हणून जी जुडी मिळते ती बहुतेकदा बुटक्या झुडपाची, वीतभर लांब. वालीची शेंग सहज हातभर होते, चांगलं बी असेल तर दीड हात. मांसल असते आणि कोवळी तोडली तर शिरा काढाव्या लागत नाहीत.

जमीन कुठलीही चालते, फक्त पाणी साठता कामा नये. आमच्याकडे पाऊस कोसळतो, त्यामुळे मी आळं करत नाही, मातीचा उंचवटा करून त्यावर बी टोकते. आधी टोपलीभर कुजलेलं शेणखत आणि चुलीतली राख मिसळायची. युरियाच्या वाटेला जायचं नाही. वेल माजतो, पानंच पानं होतात आणि फुलाचं नाव नाही. बी बोटाच्या एका पेराएवढं खोल, एका जागी दोन-तीन. चार-पाच दिवसांत वर येतं. त्यातलं जोमदार ठेवून बाकीची काढून टाकायची. दोन वेलांत हातभर अंतर हवंच. आणि कोंबड्या असतील तर कुंपण आधी, बी नंतर.

आधाराला आम्ही चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या वापरतो. दोन ओळी समोरासमोर तिरक्या रोवून वर एकत्र बांधायच्या, साधारण डोक्याच्या वर हात पोचेल इतक्या उंच. शेंगा दोन्ही बाजूंनी लोंबतात आणि तोडायला सापडतात. वेल वर पोचला की शेंडा खुडायचा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात.

इथवर सगळं सोपं आहे. वालीचं सगळं गणित तोडणीत आहे, आणि हे मी कुणालाही बजावून सांगते. फूल पहाटे उमलतं आणि उन्हं वर आली की मिटतं. त्यानंतर दहा-बारा दिवसांत शेंग तोडायला येते. शेंगेवरून बोट फिरवायचं. आतले दाणे बोटाला लागले नाहीत आणि वाकवल्यावर शेंग कडकन मोडली तर ती भाजीची. शेंगेवर दाण्यांच्या गाठी दिसायला लागल्या आणि साल फुसकी झाली की ती भाजीतून गेली. नुसती तेवढी शेंगच जात नाही. वेलावर शेंगा जून व्हायला लागल्या की वेलाची सगळी ताकद त्या दाण्यांत जाते आणि नवीन फूल कमी होतं. म्हणून पाऊस असो नसो, रोज फेरी मारायची, फार तर एक दिवसाआड.

तोडताना आणखी एक. शेंगा एका दांड्याच्या टोकाला जोडीने येतात. त्याच टोकाला, शेंगांच्या बुडाशी, पुढच्या बारीक कळ्या असतात. शेंग धरून ओढली की दांडा कळ्यांसकट हातात येतो. डाव्या हाताच्या चिमटीत दांडा धरायचा आणि उजव्या हाताने शेंग किंचित मुरगळून सोडवायची. दांडा शाबूत राहिला तर त्याच जागी पुन्हा शेंगा धरतात.

तुमच्याकडे काय लावता, बी कुठलं, भाजी कशी करता, सगळं लिहा.

डोंबिवली_लोकल | १४ जून, दुपारी १:३२

छान धागा ताई. माझ्याकडे फक्त ग्रिलची गॅलरी आहे, तिसरा मजला, पश्चिमेचं ऊन दुपारी दोनपासून. तिथे होईल का? आणि कुंडी केवढी लागेल?

गच्चीतली_शेती | १४ जून, संध्याकाळी ७:०५

मी कोथरूडला गच्चीवर लावतो, त्यामुळे कुंडीचं मी सांगतो. १५ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग, त्यात दोन वेल, जास्त नाही. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या भागाने. रोप करून मग हलवण्यापेक्षा बी थेट कुंडीतच टाका, मुळं दुखावलेली या वेलाला सोसत नाहीत.

पाच-सहा तास ऊन मिळालं तर शेंगा भरपूर. दुपारी दोनपासून मावळेपर्यंत म्हणजे तुम्हाला चार-पाच तास मिळतील, थोडं कमी पडेल पण वेल होईल. मात्र पावसाळ्यात ढग असले की फूल उशिरा येईल, धीर धरा.

ग्रिलवर चढवताना सुतळी खालून वर ताणून बांधा. वेल स्वतःच वळतो. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळत जातो. हाताने मदत करायची तर त्याच दिशेने गुंडाळा. दुसऱ्या दिशेने गुंडाळलेला शेंडा सकाळपर्यंत सुटून लोंबायला लागतो.

पुण्यात माझे दोन हंगाम असतात : फेब्रुवारीअखेर थंडी सरली की एक आणि जूनमध्ये दुसरा. डिसेंबर-जानेवारीत वाली रुसते, रात्री थंड झाल्या की वाढ थांबते. उन्हाळ्यात मात्र कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं. फुलावर असताना माती सुकली तर फूल गळतं.

परसबाग_कुडाळ | १५ जून, सकाळी ७:४०

डोंबिवलीकर, नक्की लावा. बी लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते.

आता आमची भाजी. आठवड्यातून तीनदा झाली तरी घरात कुणी कुरकुर करत नाही.

शेंगा धुवून, दोन्ही टोकं काढून, जुडी करून विळीवर पेरभर तुकडे करायचे. कढईत खोबरेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. कांदा घालून तो नुसता मऊ करायचा, लाल नाही. हळद, मग शेंगा आणि मीठ. एकदा परतून वर ताट ठेवायचं आणि ताटात पाणी. भाजीत पाणी ओतायचं नाही. कोवळ्या शेंगा असल्या की दहा मिनिटांत शिजतात. रंग हिरवा राहायला हवा आणि दाताखाली किंचित करकर. शेवटी गुळाचा लहान खडा, मूठभर ओलं खोबरं, आणि ताट काढून दोन मिनिटं.

लसूण नाही, गरम मसाला नाही. शेंगेला स्वतःची चव आहे, ती कळायला हवी. उकड्या तांदळाची पेज आणि ही भाजी, आणखी काय व्हया!

ऑरेंज_सिटी | १५ जून, रात्री ९:१८

आमच्या विदर्भात ही बरबटी. तुमच्या भाजीत लसूण नाही हे वाचून थांबलोच! आमच्या घरी बरबटीच्या शेंगांना ठेचलेला लसूण आणि शेंगदाण्याचं कूट हवंच. तेलात मोहरी-जिरं, लसूण चांगला लाल, मग तिखट, धणेपूड, एक टमाटर, आणि त्यात शेंगा. शिजल्या की कूट. भाकरीबरोबर खायची तर भाजीला थोडा अंगचा रस हवा, कोरडी भाजी घशाखाली उतरत नाही.

आणि शेंगा जून झाल्या तर आम्ही दुःख करत नाही. दाणे वाळवून ठेवतो आणि वडे करतो. बरबटी रात्रभर भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, हिरवी मिरची, लसूण, जिरं घालून भरड वाटायची. बारीक वाटली तर वडा तेल पितो. कोथिंबीर घालून हातावर थापून तळायचे, सोबत तळलेली मिरची आणि कढी.

परसबाग_कुडाळ | १५ जून, रात्री ९:४०

वडे करून बघणार. लसणावर मात्र मी माझ्या जागी ठाम.

पेडण्याची_सून | १७ जून, सकाळी ११:२५

ताईंची भाजी आमच्या गोव्यातल्या भाजीच्या अगदी जवळची, आम्ही हिरव्याऐवजी सुकी मिरची मोडून घालतो एवढंच.

दाण्यांचा विषय निघालाय म्हणून : आमच्याकडे दाण्यासाठी वेगळे अळसांदे लावतात, तेही चवळीचेच, पण दाणा टपोरा. भातकापणी झाली की शेतातल्या उरलेल्या ओलीवर पेरतात. त्यांचं तोणाक म्हणजे खोबरं, धणे, सुक्या मिरच्या, मिरी, लवंग, कांदा असं सगळं भाजून केलेलं वाटण आणि त्यात शिजवलेले अळसांदे. सकाळी पावाबरोबर खातात. वालीच्या जून शेंगांचे ओले दाणे काढून त्याच वाटणात घातले तर फार सुंदर होतात. त्यांना भिजवावंही लागत नाही. शेंग पिवळसर झाली पण वाळली नाही, त्या टप्प्याचे दाणे घ्यायचे.

ठाण्याची_मावशी | १८ जून, दुपारी ३:५०

सगळे शाकाहारीच लिहिताहेत, म्हणून मी येते. वालीत सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, घालून बघा.

सोडे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवायचे, मग दोन पाण्यांतून काढायचे, तळाशी रेती राहते. भिजवलेलं पाणी फेकून द्या. तेलावर भरपूर कांदा आणि ठेचलेला लसूण, त्यावर सोडे. सोडे तेलात परतताना त्यांचा कच्चा वास जाऊन खमंग वास यायला लागतो, तोवर हलवत राहायचं. ही पायरी गाळली तर भाजीला नुसता उग्रपणा येतो. मग हळद, लाल तिखट, बटाट्याच्या पातळ फोडी आणि शेंगा. बटाटा अर्धा शिजला की दोन आमसुलं. मीठ शेवटी, कारण सोड्यांना अंगचं मीठ असतं.

पावसात ताजी मासळी नसते आणि वाली तेव्हाच जोरात असते. दोघांची गाठ त्यामुळेच पडली असणार.

कोचीत_मराठी | २१ जून, सकाळी १०:०२

मावशी, उद्याच करते.

आम्ही नोकरीनिमित्त कोचीत आहोत. इथे ही शेंग म्हणजे रोजची भाजी, पयर म्हणतात. प्रत्येक मांडवावर दिसते. भाजी विकणारे लांब शेंगांची जुडी केळीच्या सोपाने बांधून ठेवतात. केरळ कृषी विद्यापीठाच्या ‘लोला’ आणि ‘वैजयंती’ या जाती इथे घरोघरी माहीत आहेत. वैजयंती गडद लाल शेंगेची. लाल शेंग पाण्यात शिजवली की रंग पाण्यात उतरतो, तेलावर परतली तर बराच टिकतो.

इथली मेळुक्कुपुरट्टी करून बघाच. बोटभर तुकडे मीठ-हळद घालून अगदी थोड्या पाण्यात अर्धवट शिजवायचे, पाणी आटवायचं. कढईत खोबरेल, ठेचलेले लहान सांबार कांदे, कुटलेली सुकी मिरची, कढीपत्ता आणि खोबऱ्याचे पातळ काप. काप कडेने तांबूस झाले की शेंगा घालून मंद आचेवर बराच वेळ परतायच्या, कडा सुरकुतेपर्यंत. खवलेलं खोबरं घातलं की ते तोरन, ती वेगळी भाजी. अवियलमध्येही पयर असतेच, तिथे सगळ्या भाज्यांबरोबर लांब कापतात.

डोंबिवली_लोकल | १६ जुलै, सकाळी ६:५५

कुडाळच्या ताईंचं बी आलं, लावलं, वेल ग्रिलच्या अर्ध्यापर्यंत पोचलाय. पण कोवळ्या शेंड्यावर काळे किडे गच्च बसलेत, पानं आत वळलीत आणि मुंग्यांची रांग लागलीय. मुंग्यांसाठी खडू ओढू का?

दापोली_कृषी | १६ जुलै, सकाळी ९:३०

हा काळा मावा. चवळीवर हमखास येतो. मुंग्या वेल खात नाहीत, त्यांना मारून मावा जाणार नाही. मावा रस शोषून चिकट गोड पाणी सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि माव्याची राखणही करतात.

पण मावा नसतानाही वालीवर मुंग्या दिसतील. फुलाच्या दांड्यावर कळ्यांच्या मधोमध या वेलाच्या मधग्रंथी असतात, मुंग्या तिथे येतात. नुसत्या दांड्यावर मुंग्या असतील तर निश्चिंत राहा. शेंड्यावर आणि पानांच्या मागे काळा थर असेल तर उपाय करा.

आज करायचं ते : शेंडा तळहातावर धरून पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्म्याहून अधिक मावा धुतला जातो. फार भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क पानांच्या मागून फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. फुलावर आला की सकाळी फवारू नका, मधमाश्या येतात. वेलावर लाल-केशरी, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका. त्यांच्या अळ्या काळसर, काटेरी, मगरीसारख्या दिसतात. लोक त्यांनाच कीड समजून मारतात. त्या माव्यावर जगतात.

खरी भीती माव्याची नाही, तो पसरवतो त्या मोझॅक विषाणूची आहे. पानावर पिवळे-हिरवे पट्टे, पान सुरकुतलेलं, वेल खुरटलेला असं दिसलं तर तो वेल उपटून टाका. औषध नाही. आणि त्या वेलाचं बी अजिबात धरू नका, हा रोग बियाण्यातून पुढच्या पिढीत जातो.

जातींबद्दल वर विचारलं होतं. आमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण वाली’ आहे, ती कोकणच्या पावसाला चांगली. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची ‘अर्का मंगला’ आहे, तिची शेंग ८० सेंटीमीटरपर्यंत जाते. फिकट हिरवी आणि बिनशिरेची. बाजारातून पाकीट घेताना वेलवर्गीय आहे का हे विचारूनच घ्या.

गच्चीतली_शेती | १६ जुलै, दुपारी १२:१५

शेवटच्या वाक्याला +१०. एका दुकानातून वाली म्हणून घेतलेल्या पाकिटातून गुडघ्याएवढी चवळीची झुडपं आली. शेंगा चांगल्या होत्या, पण सुतळ्या रिकाम्या राहिल्या.

डोंबिवली_लोकल | २३ जुलै, सकाळी ७:२०

पाण्याच्या फवाऱ्याने बराच फरक पडला. नवे शेंडे स्वच्छ आहेत. आणि खालच्या पानांच्या बेचक्यात पहिली कळी दिसतेय!

जर्सीतला_माळी | २ ऑगस्ट, सकाळी ५:४८

न्यू जर्सीहून. इथे वाली लावणाऱ्यांसाठी लिहितो, कारण भारतातलं वेळापत्रक इथे चालत नाही.

माती गरम झाल्याशिवाय बी टाकू नका. मेच्या मध्यापर्यंत रात्री थंड असतात, गार ओल्या मातीत बी कुजतं. मी मेअखेर थेट वाफ्यात टाकतो. दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. चवळीच्या बऱ्याच जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. इथे जूनमध्ये पंधरा तास उजेड, त्यामुळे वेल शेजाऱ्याच्या कुंपणावर जाईल इतका वाढतो आणि फूल ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरात हिम पडायच्या आत जेमतेम दोन महिने मिळतात. म्हणून इथल्या आशियाई बियाण्यांच्या दुकानातून, दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेली जात विचारून घ्यावी. भारतातून बी मागवू नका, परवाना आणि प्रमाणपत्राशिवाय ते सीमेवर अडवतात.

जुलैत हिरवे-तांबूस चकचकीत जपानी भुंगेरे पानांची जाळी करतात. सकाळी गारठलेले असताना ते सुस्त असतात, खाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरून वेल हलवला की टपाटप पडतात.

इथे या शेंगेमुळे शेजार जमतो हे मात्र खरं. आमच्या गल्लीत बंगाली कुटुंब लावतं, चिनी आजी लावतात. ऑफिसातली त्रिनिदादची मैत्रीण हिला बोडी म्हणते, तिचे पूर्वज भोजपुरी भागातून ऊसमळ्यांवर गेलेले. चिनी आजींकडून शिकलेली पद्धत सांगतो. शेंगा धुवून पुसून अगदी कोरड्या करायच्या. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, थोडं तेल, आणि शेंगा सतत हलवत सालीवर फोड येऊन सुरकुत्या पडेपर्यंत परतायच्या. बाजूला काढून त्याच कढईत लसूण, आलं, सुक्या मिरच्या, मग शेंगा परत आणि थोडा सोया सॉस. ओल्या शेंगा टाकल्या तर वाफ होते आणि सगळी मजा जाते.

कोचीत_मराठी | २ ऑगस्ट, सकाळी ९:११

म्हणजे मेळुक्कुपुरट्टी आणि चिनी आजी एकाच ठिकाणी पोचल्या! सुरकुती पडल्यावरच या शेंगेला खरी चव येते असं माझं ठाम मत झालंय.

परसबाग_कुडाळ | २ ऑगस्ट, सकाळी ९:३५

परसातून आत्ता तोडून आणलेल्या शेंगेला सुरकुती कशाला? बाजारात दोन दिवस राहिलेल्या शेंगांना ही पद्धत उत्तम, हे मान्य.

डोंबिवली_लोकल | १८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

पहिल्या शेंगा तोडल्या! दांडा धरून, ताईंनी सांगितलं तसं. एका वेळच्या भाजीएवढ्या एकदम येत नाहीत. दोन दिवस साठवून भाजी करायची तर कशा ठेवायच्या?

गच्चीतली_शेती | १८ ऑगस्ट, सकाळी ८:५०

अभिनंदन! न धुता, सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, तीन-चार दिवस छान राहतात. पिशवीत कोंडल्या की काळे डाग पडतात. आणि तोडणी थांबवू नका, शेंगा वेलावर साठवू नका.

पेडण्याची_सून | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

चतुर्थीची तयारी सुरू आहे. आमच्या घरी माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) परसातली वालीची जोडी बांधतात, दांड्यासकट. तेवढ्यासाठी दोन दांडे तोडायचे राहू दिलेत.

परसबाग_कुडाळ | २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

आमच्याकडे माटवी म्हणतात, तयारी इथेही तीच. आणि पाठोपाठ ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीत नांगरलेल्या शेतातलं चालत नाही, परसातलं, हाताने लावलेलं हवं. अळू, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस आणि वालीचे मोठे तुकडे. तेल नाही, फोडणी नाही. वाली सगळ्यांच्या शेवटी घालायची, नाहीतर त्या गर्दीत तिचा लगदा होतो. जूनमध्ये टोकलेली वाली नेमकी याच दिवसांत भरात असते.

ऑरेंज_सिटी | २० सप्टेंबर, रात्री ८:४०

आता बियाण्याचं बोला. माझे वेल थकायला लागलेत. बी कुठल्या शेंगेचं धरायचं? आमची आई म्हणते, पहिल्या बहराचं.

परसबाग_कुडाळ | २१ सप्टेंबर, सकाळी ७:५०

तुमच्या आईंचं बरोबर. आमच्याकडेही पहिल्या बहरातल्या, जमिनीजवळच्या, लांब आणि सरळ शेंगा बियाण्याला राखायची रीत आहे. ओळखीला त्या दांड्यावर चिंधी बांधतात म्हणजे घरातलं कुणी तोडत नाही. शेवटच्या बहराच्या शेंगा आखूड असतात, दाणा बारीक राहतो.

दापोली_कृषी | २१ सप्टेंबर, दुपारी २:२०

ताई, थोडं वेगळं सांगतो. शेंग निवडण्यापेक्षा वेल निवडा. एकाच वेलावरची लांब शेंग आणि आखूड शेंग, दोन्हींतल्या बियांचा वंश एकच. आखूड शेंग ही त्या आठवड्याच्या पाण्याची, उन्हाची, वेलाच्या वयाची करणी असते. तेव्हा सगळ्यांत निरोगी, लवकर फुललेला आणि भरपूर शेंगा देणारा वेल हेरा आणि तो पूर्ण बियाण्यासाठी सोडा. बाकीच्या वेलांवर एकही शेंग जून होऊ देऊ नका. तुम्हीच धाग्याच्या सुरुवातीला लिहिलंय की जून शेंगा असल्या की फूल कमी होतं. प्रत्येक वेलावर दोन-चार शेंगा राखल्या तर सगळ्याच वेलांची भाजी कमी होते.

या फुलांत परागीभवन बहुतेक फूल उमलायच्या सुमारासच आतल्या आत होतं, त्यामुळे जात सहसा शुद्ध राहते. तरी मोठे काळे भुंगे फुलांवर येतात, म्हणून शेजारी बुटकी चवळी असेल तर थोडं अंतर ठेवा.

परसबाग_कुडाळ | २१ सप्टेंबर, रात्री ९:०५

वेल निवडायचं पटलं. पण एका वेलाच्या भरवशावर मी राहणार नाही. ऐन वेळी तोच वेल वाऱ्याने पडला किंवा रोगाने गेला तर पिढ्यांचं बी संपलं. आमचं बी सासूबाईंच्या माहेरून आलेलं आहे, तांबूस दाणा, एका टोकाला पांढरट. ते दुकानात मिळत नाही. तीन-चार चांगले वेल हेरून प्रत्येकावर पहिल्या बहराचे दांडे राखायचे, असं मी करणार. भाजी थोडी कमी झाली तरी चालेल.

दापोली_कृषी | २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

घरचं जुनं बी असेल तर तुमचंच योग्य. अनेक वेलांवरून घेतलेलं बी जास्त सुरक्षित, त्यातली विविधताही टिकते. फक्त मोझॅकचा वेल त्यात नको.

ठाण्याची_मावशी | २२ सप्टेंबर, दुपारी ४:१०

आणि टिकवायचं कसं? माझ्याकडचं बी पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर काढलं की प्रत्येकाला भोक!

परसबाग_कुडाळ | २३ सप्टेंबर, सकाळी ८:००

मावशी, ते भुंगेरे शेतातूनच येतात. शेंगेवर अंडी घालतात, म्हणून बाटली कितीही घट्ट असली तरी आतून भोक पडतं. शेंग वेलावरच तपकिरी, कागदासारखी होऊ द्यायची, हलवली की आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. परतीचा पाऊस आला तर पिवळी झालेली शेंग काढून घरात टांगायची, नाहीतर दाणा शेंगेतच मोड धरतो. मग बी सोलून दोन-तीन उन्हं द्यायची, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. नंतर चाळलेली कोरडी राख चोळायची आणि काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं. आमच्याकडे असंच ठेवतात.

गच्चीतली_शेती | २३ सप्टेंबर, सकाळी ९:१२

फ्रीझर असेल तर वाळलेलं बी हवाबंद डबीत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बी नीट वाळलेलं हवं, नाहीतर तेही मरेल. बाहेर काढल्यावर डबी पूर्ण निवळेपर्यंत उघडू नका, दमटपणा धरतो.

दापोली_कृषी | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

ज्यांचे वेल संपलेत त्यांनी वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठी नत्र धरून ठेवतात, ती मुळं तिथेच कुजू द्या. त्या जागी थंडीत माठ, मुळा, कोथिंबीर काहीही लावा, चांगलं येतं. एखादं मूळ खणून गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी दिसली तर ती काम करत होती.

डोंबिवली_लोकल | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३५

बघितलं, गुलाबी होती! माझा एक वेल अजून फुलतोय, तो ठेवलाय. दुसऱ्यावर पाच शेंगा बियाण्याला राखल्यात. थंडीत गॅलरीत पुन्हा पेरू की फेब्रुवारीची वाट बघू?

परसबाग_कुडाळ | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

डोंबिवलीला फार थंडी नसते, आत्ता लगेच टाकलंत तर होईल. आम्हीही भात कापून झालं की मळ्यात वाली टोकतो, त्या वेलांवर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते पण अळी कमी असते. तुमच्या गॅलरीला थंडीत ऊन किती वेळ राहतं ते आधी बघा, सूर्य दक्षिणेला सरकतो. चार तासांच्या खाली आलं तर कुंडीत मेथी टाका आणि वाली फेब्रुवारीत.